फॉर्म ७८ वर किती विसंबायचं? काही महिने वापरल्यावरचं मत

दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश फायटरचा सिरियल नंबर (त्या एका विमानाचा स्वतःचा ओळख क्रमांक) हुडकायचा म्हटलं की जो तो आरएएफचं, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाचं, फॉर्म ७८ बघ म्हणतो, म्हणजे विमानाचं मूव्हमेंट कार्ड, फॅक्टरीतून कधी निघालं, कुठल्या मेंटेनन्स युनिटला (साठवण-दुरुस्तीच्या केंद्राला) गेलं, मग कुठली स्क्वाड्रन (तुकडी) आणि शेवट काय झाला. गेले काही महिने स्पिटफायर-हरिकेनची हीच कार्डं घेऊन बसलोय. कामाची आहेत, पण एकट्या कार्डावर विसंबायचं नाही.

कारण त्यावरची तारीख ही ऑफिसात नोंद झाल्याची असते, विमान पडल्याची असेलच असं नाही, त्यामुळे विमान केव्हाच समुद्रात गेलंय आणि कार्डावर मात्र अजून स्क्वाड्रनकडेच आहे असा प्रकार होतो. मग स्क्वाड्रनचं ऑपरेशन्स रेकॉर्ड बुक काढायचं, ते लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये एआयआर २७ या फाइल-मालिकेखाली आहे. त्यातलं फॉर्म ५४० म्हणजे रोजची डायरी, आपल्याला हवं ते ५४१, कोण कुठलं विमान घेऊन किती वाजता उडाला ते त्यात. आता १९४० च्या उन्हाळ्यात दिवसातून तीन-चारदा उड्डाणं, लिहिणाऱ्याला कुठली उसंत, म्हणून कुठे सिरियल लिहिलेलाच नाही तर कुठे आकडे उलटसुलट.

इथे एक गंमत फार उपयोगी पडते. शत्रूला उत्पादनाचा अंदाज येऊ नये म्हणून सिरियलच्या मालिकेत मुद्दाम मोकळ्या जागा सोडलेल्या, ब्लॅकआउट ब्लॉक म्हणतात त्यांना. ५४१ मधला नंबर अशा जागेत पडला तर तसं विमान नव्हतंच, लिहिणाऱ्याची चूक, मग एकेक आकडा बदलून कार्डाशी जुळवत बसायचं. जर्मनांना चकवायला केलेला उद्योग आज आपल्याला पुरावा म्हणून मिळतो!

फोटोवर फार भरवसा नको. विमान गेलं की त्याचं कोड लेटर (स्क्वाड्रनमधलं विमान ओळखायला बाजूवर रंगवलेलं अक्षर) नव्या विमानाला द्यायचे, आणि नोव्हेंबर १९४० पासून शेपटीजवळ फिकट हिरवट पट्टा आला तो कित्येकदा सिरियलवरूनच रंगवलाय. अवशेषातला इंजिन नंबरही एकटा पुरत नाही, या विमानांची मर्लिन इंजिनं सारखी बदलली जायची.

ब्रिटनमधल्या फायटर कमांडच्या विमानांसाठी या कार्डांना चार स्टार. मिडल ईस्टला किंवा इंडियाला गेलेल्यांसाठी दोनच, तिथे बऱ्याचदा बोटीवर चढवल्याची आणि पोहोचल्याची नोंद, मग एकदम स्ट्रक ऑफ चार्ज (हवाई दलाच्या यादीतून काढलं), मधलं सगळं गायब.