एल वाय ५५६ आणि एच वाय ९५१: कंपोझिटचं मेकॅनिक्स शिकायचंय तर हेच रेझिन घ्या

फायनल इयरला किंवा एम.टेक.ला कंपोझिटवर (फायबर आणि रेझिन मिळून झालेलं मटेरियल) प्रोजेक्ट केलेल्या आपल्याकडच्या किती तरी रिपोर्टमध्ये एक ओळ सापडते, मॅट्रिक्स (फायबरना बांधून धरणारं रेझिन) म्हणून एल वाय ५५६ इपॉक्सी आणि एच वाय ९५१ हार्डनर, वजनाने १०० ला १०. ही ओळ सिनिअरकडून ज्युनिअरकडे तशीच उतरत जाते पण हे रेझिन शिकायला चांगलं का आहे, कुठे कमी पडतं हे कोणी लिहीत नाही. मी एम.टेक.पासून हेच वापरतोय आणि आता प्रोजेक्टच्या मुलांनाही हेच घ्यायला लावतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एक सांगतो, हार्डवेअरच्या दुकानात अराल्डाइटच्या दोन ट्यूब मिळतात ते हे नव्हे. ते चिकटवायचं, हे लॅमिनेटिंगचं, म्हणजे फायबरचे थर एकत्र बांधायचं, हंट्समनचं, हार्डनरच्या डब्यावर हल्ली अराड्यूर असं नाव दिसतं. रेझिन बिस्फेनॉल ए वालं, मधासारखं घट्ट, आणि हार्डनर म्हणजे टेटा नावाचं अमाइन, पाण्यासारखं पातळ. खोलीच्या तापमानावर २४ तासांत प्लेट काढण्याइतकी घट्ट होते, ऑटोक्लेव्ह (दाबाखाली तापवणारी भट्टी) नको, महागडं ओव्हन नको, साध्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये काम होतं, आणि शिकणाऱ्याला हीच सगळ्यात मोठी सोय आहे.

मिक्सिंगकडे नीट लक्ष द्या कारण निम्मी मुलं इथेच रिझल्ट घालवतात. रेझिनमध्ये हार्डनर ओतला की कपात पातळ रेघा फिरताना दिसतात, त्या पूर्ण जाईपर्यंत हळूहळू, कपाच्या कडा आणि तळ खरवडत ढवळायचं, जोरात ढवळलं की हवा आत जाते आणि तीच पुढे लॅमिनेटमध्ये व्हॉइड, म्हणजे पोकळी, म्हणून बसते. मोजायचं काट्यावरच. सिरिंजने १० ला १ घेऊ नका, हार्डनरची घनता १ च्या जरा खाली आणि रेझिनची १.१५ ते १.२०, त्यामुळे आकारमानाने तेच प्रमाण साधारण १०० ला १२ होतं, सिरिंजवाल्याचा हार्डनर कमी पडतो आणि प्लेट दोन दिवसांनीही चिकट राहते. आणि उलटी समजूत पण आहे, की हार्डनर जास्त टाकला तर लवकर सेट होईल. पॉलिएस्टर रेझिनमध्ये कॅटॅलिस्ट कमीजास्त करून वेळ बदलता येतो, इपॉक्सीत नाही, कारण इथे हार्डनर स्वतः साखळीचा भाग बनतो, जास्तीचा टाकला तर तो न जुळता आत पडून राहतो आणि मटेरियल मऊ होतं.

कपात जास्त वेळ ठेवलं तर गरम होतं, ढिगाऱ्यात उष्णता अडकते आणि रिअॅक्शन अजून वेग घेते, म्हणून थोडं थोडं मिक्स करा किंवा पसरट ट्रेमध्ये ओता. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात सकाळी रेझिन इतकं जड होतं की फॅब्रिकमध्ये शिरतच नाही, तेव्हा डबा कोमट पाण्यात ठेवून मग वापरा, पण हे हार्डनर टाकायच्या आधी, नंतर नाही.

आता मुख्य मुद्दा, मेकॅनिक्स शिकायला हे चांगलं का? कारण याचे आकडे हातात मावतात. इपॉक्सीचा मॉड्युलस, म्हणजे ताठपणा, ३ ते ३.५ जीपीए (गिगापास्कल), ई-ग्लास या काचेच्या फायबरचा ७२. हँड लेअपमध्ये (हाताने थर लावताना) फायबर व्हॉल्यूम फ्रॅक्शन, म्हणजे आकारमानात फायबरचा वाटा, ३० ते ४० टक्के येतो, समजा ३५ आला तर रूल ऑफ मिक्श्चर्सने (दोघांच्या मॉड्युलसची वाट्यानुसार बेरीज) फायबरच्या दिशेला २७ जीपीएच्या आसपास येतात आणि टेस्टला पण त्याच्या जवळपास येतं, मुलांचा विश्वास बसतो. मग आडव्या दिशेला त्याच नियमाचा सोपा उलटा फॉर्म्युला (मॉड्युलसऐवजी त्यांच्या व्यस्तांची बेरीज) लावला की ५ येतात, आणि हाल्पिन-त्साई या दुसऱ्या फॉर्म्युल्याने काढले की साडेसातच्या वर जातात. इतका फरक कागदावर पाहिला की मुलं विचारतात खरं कुठलं, आणि तेव्हा ९० डिग्रीची पट्टी कापून मशिनवर ओढायची, उत्तर मशिन देतं. माझ्या अनुभवात उलटा फॉर्म्युला नेहमी कमी दाखवतो.

व्हॉल्यूम फ्रॅक्शन अंदाजे धरू नका एवढं मात्र हात जोडून सांगतो. छोटा तुकडा वजन करून मफल फर्नेसमध्ये ५६५ डिग्रीला ठेवा, रेझिन जळून जातं, काच उरते, परत वजन करा. ५४ टक्के वजन काचेचं निघालं तर व्हॉल्यूमने ते ३६ टक्क्यांच्या आसपासच असतं, कारण काच २.५४ ची आणि इपॉक्सी १.२ ची. रिपोर्टमध्ये ६० टक्के फायबर लिहिलेलं असतं तेव्हा ते वजनाने की व्हॉल्यूमने हे कोणी लिहीतच नाही आणि मग सगळी तुलना चुकते.

आता माझा सगळ्यात आवडता प्रयोग. युनिडायरेक्शनल ग्लास (सगळे फायबर एकाच दिशेला) घ्या, विणलेलं बायडायरेक्शनल नको, कारण त्यात दोन्ही दिशा एकाच थरात येतात आणि थरांच्या क्रमाचा खेळ दिसतच नाही. चार थर, ०/९०/९०/०, आकडे म्हणजे प्रत्येक थरातल्या फायबरची डिग्रीतली दिशा. ही प्लेट ओढली तर दोन्ही दिशांना सारखीच ताठ, ए मॅट्रिक्समध्ये (इथे मॅट्रिक्स म्हणजे रेझिन नव्हे, गणितातला आकड्यांचा तक्ता, ए हा ओढण्याच्या ताठपणाचा) दोन शून्याचे आणि दोन नव्वदचे थर एवढंच मोजलं जातं, क्रमाला किंमत नाही. पण त्याच प्लेटमधून एक पट्टी लांबीच्या दिशेने आणि एक आडवी कापून वाकवा, वरच्या आकड्यांनी एक दुसरीच्या साधारण अडीच पट ताठ निघायला हवी. डी मॅट्रिक्समध्ये (वाकवण्याच्या ताठपणाचा तक्ता) मधल्या पातळीपासूनच्या अंतराचा घन येतो, बाहेरचे थर भाव खातात. ही गोष्ट फळ्यावर वर्षानुवर्षे शिकवली जाते, पण दोन पट्ट्या दोन हातांत धरून वाकवल्या की बोटांना कळते, मशिनसुद्धा लागत नाही. मग तेच चार थर ०/९०/०/९० असे लावा. आता बी मॅट्रिक्स (ओढणं आणि वाकणं एकमेकांत गुंतवणारा तक्ता) शून्य राहत नाही, प्लेट गरम करून पोस्ट-क्युअर केली की निघताना सपाट राहत नाही, वळते, कारण इपॉक्सी काचेपेक्षा कितीतरी पट आकसते आणि दोन बाजूंना वेगवेगळ्या दिशेने खेचते. सिमेट्रिक लेअप (मधल्या पातळीच्या दोन्ही बाजूंना सारखे थर) का करायचा हे यानंतर कोणालाही वेगळं सांगावं लागलं नाही.

शिअर मॉड्युलस (सरकवणाऱ्या जोराला होणारा विरोध) पाहिजे असेल तर वेगळं फिक्श्चर बनवत बसू नका, अधिक-उणे ४५ डिग्रीची पट्टी ओढा, टेस्टचं स्टँडर्ड एएसटीएम डी ३५१८, शिअर स्ट्रेस म्हणजे ओढायच्या स्ट्रेसचा निम्मा, दोन दिशांचे स्ट्रेन गेज लावून त्यांच्या स्ट्रेनमधला फरक घेतला की शिअर स्ट्रेन मिळतो. साध्या टेन्साइलला डी ३०३९, ० डिग्रीची पट्टी १५ मिमी रुंद २५० लांब १ जाड, ९० डिग्रीची २५ रुंद १७५ लांब २ जाड. स्टीलच्या डॉगबोन आकारात कापू नका, मान फाटते आणि खरी ताकद मिळतच नाही.

कमी कुठे पडतं तेही सांगतो. खोलीच्या तापमानावर क्युअर केलेल्या प्लेटचा टीजी (ज्या तापमानाला रेझिन मऊ पडायला लागतं) कमी राहतो, मे महिन्यात गाडीच्या बॉनेटखाली किंवा उन्हात तापणाऱ्या पार्टला हे वापरू नका, निदान पोस्ट-क्युअर तरी करा. ठिसूळ आहे, इम्पॅक्ट झाला की थर सुटतात. हँड लेअपने एरोस्पेसच्या प्रीप्रेगसारखा (आधीच रेझिन भरलेलं फॅब्रिक) ६० टक्के व्हॉल्यूम फ्रॅक्शन मिळणार नाही, व्हॅक्यूम बॅग लावली तर थोडं सुधारतं. आणि हार्डनर त्वचेला चावतो, एकदा अॅलर्जी बसली की ती आयुष्यभर राहू शकते, नायट्राइल ग्लोव्हज आणि गॉगल घालूनच हात लावा, हातावर लागलं तर थिनरने पुसू नका, साबण-पाण्याने धुवा.

खरेदीत एक त्रास मला झालाय. एका दुकानाने हार्डनर मोठ्या कॅनमधून साध्या बाटलीत भरून दिला, लेबल नाही, बॅच नंबर नाही, तारीख नाही, आणि त्या बाटलीची प्लेट कधी धड क्युअर झालीच नाही. आता सील असलेला डबाच घेतो, आणि टेक्निकल डेटा शीट मागतो, देत नसतील तर दुसरं दुकान.

फायबरवाल्यांकडे जाऊन मोल्ड किंवा मूर्ती बनवताना पाहिलं असेल तर तिथे पॉलिएस्टर चालतं, जीपी (जनरल पर्पज) रेझिन, वेग वाढवणारं कोबाल्ट आणि एमईकेपी हा कॅटॅलिस्ट, स्वस्त पडतं, काम झटपट. पण शिकायला ते मला पटत नाही, आकसतं खूप, त्यातल्या स्टायरीनचा वास डोक्यात जातो, आणि कोबाल्ट व एमईकेपी थेट एकमेकांत पडले तर स्फोट होऊ शकतो, नवख्या मुलांच्या हातात ते नको. आणि तिथला चॉप्ड स्ट्रँड मॅट (तुकडे केलेल्या काचेच्या फायबरची चटई) उचलून इपॉक्सीबरोबर वापरू नका, त्याचा बाइंडर (तुकडे धरून ठेवणारं चिकट) स्टायरीनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत विरघळत नाही, मॅट नीट भिजतच नाही. फॅब्रिक घेताना इपॉक्सी-कम्पॅटिबल सायझिंग (फायबरवरचा लेप) आहे का हे विचारून घ्या.

तर माझ्याकडून पाचपैकी साडेचार. पहिल्यांदा मागवताना १ किलो रेझिन आणि १०० ग्रॅम हार्डनर सीलबंद, युनिडायरेक्शनल ई-ग्लास, ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा आणि रिलीज फिल्म (प्लेट चिकटू नये म्हणून) एवढं घ्या, आणि पहिली प्लेट ०/९०/९०/० चीच करा.