शंभर जीबी बँडविड्थ विकत घेतली, तरी साइट बंदच

आमचं कोल्हापुरी पायताणांचं दुकान आहे, कोल्हापूरच्या चप्पल लाइन बाजारात. दुकानात हे बसतात, बांधणीवर मामांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची नजर असते आणि ऑनलाइन ऑर्डरी मी बघते. वेबसाइटच्या होस्टिंगमध्ये, म्हणजे साइट इंटरनेटवर ठेवायला भाड्यानं घ्यायच्या जागेत, आमची जी फसवणूक झाली ती सविस्तर लिहिते आहे, कारण आमच्यासारखे छोटे दुकानदार नेमके इथंच अडकतात.

आमची पहिली साइट साधी एचटीएमएलची होती. बत्तीस पानं, फोटो धरून ४५ एमबी. वर्षाला २,२०० रुपये द्यायचो आणि कधी कसला त्रास झाला नाही. बॅकअप म्हणजे तो फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवून घ्यायचा, झालं.

२०२३ मध्ये साइटवरच ऑर्डर घ्यायची ठरवली, म्हणून वर्डप्रेस आणि वूकॉमर्सवर (साइट बनवायचं आणि तिच्यावर दुकान चालवायचं सॉफ्टवेअर) गेलो. ह्यांच्या ओळखीतला एक मुलगा होस्टिंगचं काम करायचा. डोमेन (म्हणजे साइटचं नाव), होस्टिंग, साइट, सगळं त्याच्याकडंच दिलं. "वहिनी, तुम्ही फक्त फोटो पाठवा, बाकी माझ्यावर सोडा." आम्ही सोडलं. लॉगिन कुणाच्या नावावर आहे हे विचारायचं आमच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

कापशी, पुकारी, कुरुंदवाडी, चपलांच्या सगळ्या प्रकारांचे फोटो मोबाइलवर काढून थेट चढवत गेले, एकेक चार-चार एमबीचा. वर्डप्रेस एका फोटोच्या लहानमोठ्या आकारात आठ-दहा प्रती करून ठेवतं, हे मला माहीत नव्हतं. वर्षभरात "जागा संपली" म्हणून त्यानं तीन हजार घेतले. ते पैसे एक वेळ रास्त धरते. फोटो लहान करून चढवा एवढं त्यानं सांगितलं असतं तर तेही वाचले असते.

मग जून २०२५ उजाडला. मिलानच्या फॅशन शोमध्ये इटलीच्या प्राडा कंपनीनं कोल्हापुरीसारखी सँडल दाखवली, कोल्हापूरचं नाव न घेता, आणि देशभर गहजब झाला. २०१९ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेली आमची चप्पल जो तो शोधायला लागला. मामा टीव्हीसमोरून हलत नव्हते. नेमकं त्याच आठवड्यात नाशिकच्या एका ताईंचा फोन आला, "तुमची साइट उघडत नाही हो." मी उघडून बघितली. पांढऱ्या पडद्यावर काळी अक्षरं : ५०८, रिसोर्स लिमिट इज रीच्ड.

होस्टिंगवाल्या मुलाला फोन केला. "बँडविड्थ संपली वहिनी. डायनॅमिक साइटला जास्त लागते. डेडिकेटेड सर्व्हर घ्या, शंभर जीबी बँडविड्थ देतो, परत बघायला नको." बँडविड्थ म्हणजे साइटवरून महिन्यात किती डेटा जाऊ शकतो त्याची मर्यादा. अठरा हजार पाचशे रुपये यूपीआयनं त्याच्या खासगी खात्यावर पाठवले. बिलावर "डेडिकेटेड सर्व्हर" असं ठळक लिहिलेलं, जीएसटी नंबर नाही. एक दिवस साइट नीट चालली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा ५०८. गिऱ्हाईक दारात येऊन परत जातंय हे दिसत असताना हात बांधून बसायचं, त्यात आमचे ते दिवस गेले.

शनिवारी नणंदेचा मुलगा आला, इंजिनिअरिंगला आहे. त्यानं सी-पॅनेल, म्हणजे होस्टिंग सांभाळायचं पान, उघडलं आणि मला शेजारी बसवलं. महिन्याची बँडविड्थ : शंभरपैकी साडेसात जीबी वापरलेली. त्याखाली एन्ट्री प्रोसेस, म्हणजे साइट एका वेळी किती मागण्या हाताळते : दहापैकी दहा, लाल पट्टी. आणि उजव्या बाजूला स्पष्ट लिहिलेलं, शेअर्ड आयपी अ‍ॅड्रेस. डेडिकेटेड, म्हणजे फक्त आमच्यासाठी राखलेलं, असं काही नव्हतंच. होस्टिंगवाल्या मुलानं कुठूनतरी एक होस्टिंग घेऊन त्याचे तुकडे पाडून विकले होते, त्यातला एक आमचा.

"मामी, जुनी साइट म्हणजे फळीवरची तयार चप्पल. कुणी मागितली की काढून द्यायची. आताची साइट डायनॅमिक, म्हणजे प्रत्येक माणसासाठी पीएचपी नावाच्या भाषेतला प्रोग्रॅम चालतो, डेटाबेसमधून नाव, किंमत, माप गोळा करतो आणि पान जागेवर बांधून देतो. बँडविड्थ म्हणजे दुकानाचं दार. दार कितीही रुंद केलं तरी आत कारागीर दहाच आहेत." हे मला पटकन कळलं. आमच्याकडं बांधणीला किती दिवस लागतात हे मी रोज बघते.

म्हणून सांगते, डायनॅमिक साइटसाठी होस्टिंग घेताना जागा आणि बँडविड्थच्या आकड्यांवर जाऊ नका. एका वेळी किती एन्ट्री प्रोसेस चालतात, मेमरी किती, फाइलींची संख्या किती चालते, हे लेखी मागा. "अनलिमिटेड" लिहिलेल्या प्लॅनलाही या मर्यादा असतातच.

इथपर्यंत नुकसान पैशांचं होतं. पुढची चूक आमची. भाचा म्हणाला, आधी सगळा बॅकअप उतरवून घेऊ, मग त्याच्याशी बोला. पण ह्यांचा संताप आवरला नाही, रात्रीच फोन करून त्याला नाही नाही ते बोलले. सकाळी सी-पॅनेलचा पासवर्ड चालेना. साइटवर "अकाउंट सस्पेंडेड".

मग कळलं की डोमेनही त्याच्या खात्यात, त्याच्याच नावावर आहे. दुसरीकडं न्यायचं तर ट्रान्सफरचा कोड लागतो, आणि डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीच्या (रजिस्ट्रारच्या) लेखी मालक तोच. आमच्या पिशव्यांवर, खोक्यांवर तेच नाव छापलेलं. वकिलांना विचारलं. ते म्हणाले, ग्राहक आयोगात जाता येईल, पण सेवा धंद्यासाठी घेतली म्हणून "व्यापारी हेतू"चा मुद्दा समोरचा काढणार, पोटापाण्याचा स्वयंरोजगार आहे हे तुम्हाला दाखवावं लागेल. दिवाळीची ऑर्डर तोंडावर. शेवटी कोड आणि पूर्ण बॅकअपचे बारा हजार त्याला दिले.

त्यानं पावणेदोन जीबीची झिप पाठवली. भाच्यानं उघडली, सगळे फोल्डर चाळले आणि गप्प बसला. फोटो होते, थीम होती, पण डेटाबेसची एसक्यूएल फाइल नव्हती. डायनॅमिक साइटचा फोल्डर उतरवला म्हणजे बॅकअप झाला असं नसतं. चपलांची नावं, किमती, गिऱ्हाइकांचे पत्ते, ऑर्डरी, हे सगळं डेटाबेसमध्ये असतं आणि ते वेगळं काढून घ्यावं लागतं. त्याला फोन लावले. उचलले नाहीत.

लोक कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलीनं रेघ मारून पाठवतात. मामा तो कागद उजेडात धरून बघायचे आणि सांगायचे, मी ऑर्डरीच्या नोंदीत टिपून ठेवायचे : "डावा अंगठा सैल", "टाचेला भेग, तळ मऊ घ्या". दोन वर्षांच्या २१४ ऑर्डरी. त्या नोंदींवर लोक नुसता फोन करून दुसरा जोड मागवायचे. त्या गेल्या.

आता डोमेन माझ्या नावावर आहे, ओटीपी माझ्या मोबाइलवर येतो. होस्टिंग थेट कंपनीकडून घेतलं, कॅशिंग (तयार पानं साठवून ठेवायची सोय) लावलं, फोटो दोनशे केबीच्या आत आणले. दर रविवारी रात्री फाइली आणि डेटाबेस दोन्ही उतरवून घेते. एकदा ते भाच्याच्या लॅपटॉपवर परत चढवून साइट उभी राहते का हेही बघितलं.

ऑर्डर आली की मला ईमेल यायचा, ते ईमेल शिल्लक आहेत. त्यावरून नावं-पत्ते पुन्हा भरतेय. रोज जेवणं झाली की मामा शेजारी खुर्ची घेऊन बसतात. मी नाव वाचते, ते डोळे मिटून आठवतात. काल सोलापूरच्या एका बाईंचं नाव वाचलं. "त्या शाळेतल्या बाई ना? उजवा पाय अर्धा बोट मोठा. पट्टा रुंद लिही." ८३ झाल्यात, १३१ राहिल्यात.