चावी कोणाची, सीट कोणाची: अकरा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या महिन्यात वागळे इस्टेटमधल्या सर्व्हिस सेंटरने माझ्या हातात ३१,४०० रुपयांचे एस्टिमेट ठेवले आणि गाडीच्या ड्रायव्हर सीटचे कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे सीट हलवणारा इलेक्ट्रॉनिक भाग, बदलावे लागेल असे सांगितले. ते मॉड्यूल मी बदलले नाही, दुसरा कोणताही सुटा भाग बसवला नाही आणि सीट आज व्यवस्थित चालते आहे. मायलेज, सस्पेन्शन, एसी यांबद्दल पुष्कळांनी लिहिले आहे, म्हणून मी फक्त कीलेस एंट्री (चावी बाहेर न काढता दार उघडणे) आणि सीट मेमरी (प्रत्येकाची सीटची जागा गाडीने लक्षात ठेवणे) यांच्या जोडणीबद्दल लिहिते. कंपनीचे नाव घेत नाही, कारण ही सोय थोड्याफार फरकाने अनेक कंपन्यांच्या गाड्यांत मिळते.

माझी उंची पाच फूट एक इंच आणि यजमानांची पाच फूट अकरा. जुन्या गाडीत सीट आणि आरसे जुळवण्यात रोज सकाळी वेळ जायचा. या गाडीत सीट हवी तशी लावून ‘सेट’ आणि मग आकडा दाबायचा आणि लगेच आपल्या चावीवरचे अनलॉकचे बटण दाबायचे, म्हणजे ती जागा त्या चावीशी जोडली जाते. एक नंबर त्यांचा, दोन नंबर माझा. पहिले चार महिने मी या सोयीवर फार खूश होते. पर्समधून चावी न काढता हँडलला हात लावावा, दार उघडावे आणि सीट पुढे सरकून आपली वाट पाहत असावी, हे सुख मी ऑफिसातल्या तिघीचौघींना आवर्जून सांगितले होते.

जानेवारीपासून काही सकाळी सीट उलट दिशेने, म्हणजे थेट यजमानांच्या जागेवर जाऊ लागली. त्या जागेवर माझा पाय ब्रेकला पोहोचत नाही. ऑटोमॅटिक असल्यामुळे ब्रेक दाबल्याशिवाय गाडी सुरूच होत नाही, त्यामुळे रस्त्यावर धोका झाला नाही, पण मानपाड्याहून ऐरोलीला वेळेवर पोहोचायचे असताना हा खोळंबा नकोसा होतो. सर्व्हिस सेंटरमध्ये प्रथम सांगण्यात आले, ‘मॅडम, तुमचाच हात बटणाला लागत असेल.’ मग त्यांनी बॅटरीची वायर काढून पुन्हा जोडली आणि सिस्टिम रिसेट झाली म्हणून गाडी परत दिली. खरोखरच दोन आठवडे काही झाले नाही, आणि मी त्यांचे आभारही मानले. आता कळते की वायर काढल्यामुळे साठवलेल्या जागाच पुसल्या गेल्या होत्या. कोणत्याही चावीला न्यायला जागाच उरली नव्हती, म्हणून सीट हलत नव्हती. मी दोन्ही जागा पुन्हा साठवल्या आणि तिसऱ्याच दिवशी तोच प्रकार सुरू झाला.

मला हा विषय सोडून देता आला नाही, त्याचे कारण एप्रिलमधला एक रविवार आहे. आम्ही तिघे कौपिनेश्वराच्या दर्शनाला निघालो होतो. आमच्या पार्किंगमध्ये गाडीच्या डाव्या बाजूला खांब आहे, त्यामुळे सासूबाई उजव्या दारानेच, म्हणजे चालकाच्या मागे बसतात. हँडलला मी हात लावला, यजमान शेजारीच त्यांना आधार देत उभे होते. त्या बसल्या, काठी दोन्ही गुडघ्यांमध्ये उभी धरली, आणि मी माझे दार उघडताच सीट मागे सरकू लागली. काठी आडवी होऊन त्यांच्या गुडघ्यावर दाबली गेली. ‘अगं थांबव, थांबव ते!’ हे त्यांचे शब्द अजून माझ्या कानात आहेत. सीटचे कोणतेही बटण दाबले की हालचाल थांबते हे मी मॅन्युअलमध्ये वाचलेले होते, म्हणून ती वेळेवर थांबली. गुडघ्यावर चार दिवस काळानिळा वण होता. खिडकीच्या काचेत काही अडकले तर ती आपोआप खाली जाते. आमच्या गाडीच्या सीटला तशी कोणतीही जाणीव नाही.

त्या दिवसापासून मी वही ठेवली. तारीख, बरोबर कोण होते, कोणती पर्स किंवा बॅग कुठे होती आणि सीट कुठे गेली, एवढेच लिहायचे. पाच आठवड्यांत चित्र स्पष्ट झाले. बिघाड फक्त मंगळवारी, शुक्रवारी आणि सगळे मिळून बाहेर जाताना होत होता. जानेवारीपासून यजमानांचे ऑफिस मंगळवारी आणि शुक्रवारी सुरू झाले आहे. मी त्यांना कोपरीला स्टेशनपाशी सोडते, आणि बसण्याआधी ते लॅपटॉपची बॅग माझ्या मागच्या सीटवर ठेवतात. घराच्या किल्ल्यांबरोबर गाडीची दुसरी चावी त्याच बॅगेत असते.

याचे कारण समजून घेतले तेव्हा सगळे कोडे सुटले. हँडलला हात लावला की दारातला अँटेना साधारण १२५ किलोहर्ट्झचा क्षीण संकेत सोडतो. तो जेमतेम मीटर-दीड मीटर पोहोचतो. त्या टापूत असलेली चावी जागी होते आणि ४३३ मेगाहर्ट्झवर आपली ओळख कळवते. टापूत दोन चाव्या असल्या तर दोन्ही उत्तर देऊ शकतात, आणि त्यांतली कोणती धरायची हे गाडीचे सॉफ्टवेअर ठरवते. दार उघडण्यापुरते बघितले तर त्याने काही बिघडत नाही, कारण दोन्ही चाव्या खऱ्याच आहेत. पण सीट मात्र त्या निवडीच्या भरवशावर हलते. माझ्या वहीप्रमाणे आमची गाडी अशा वेळी दरवेळी एक नंबरची चावी धरते, हात माझा असला तरी.

खात्रीसाठी मी यजमानांची चावी मसाल्याच्या जुन्या स्टीलच्या डब्यात घालून, झाकण घट्ट लावून, डबा त्याच बॅगेत ठेवला. सीट माझ्या जागेवर आली. झाकण काढून तोच प्रयोग केला, तर ती मागे गेली. असे सहा वेळा केले आणि सहाही वेळा तसेच झाले.

ही वही घेऊन मी जुलैत गेले, तरीही सल्लागाराने मॉड्यूलचेच एस्टिमेट दिले. मी स्कॅन करून मागितला, तर त्यात एकही एरर कोड निघाला नाही. शेवटी एका वयस्कर मेकॅनिकनी दोन्ही चाव्या घेऊन दारापाशी उभे राहून स्वतः पाहिले आणि म्हणाले, ‘ताई, पार्ट चांगला आहे. हँडलला हात लावू नका, चावीचं बटण दाबून उघडा.’ त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते. बटण दाबले की चावी आपणहून संकेत पाठवते आणि त्यात फक्त तिचीच ओळख असते, त्यामुळे गाडीपुढे निवडीचा प्रश्नच उरत नाही.

महिनाभर तसे केले, पण हात पिशव्यांनी भरलेले असताना पर्समधून चावी शोधायची असेल तर कीलेससाठी वरच्या व्हेरियंटचे पैसे का मोजले, हा प्रश्न राहतोच. म्हणून आता आम्ही यजमानांच्या चावीची जोडणी काढून टाकली आहे. जागा साठवलेली आहे, पण ते बसल्यावर स्वतः एक नंबर दाबतात. त्यामुळे मागे जाणारी हालचाल माणसाने बटण दाबल्याशिवाय होत नाही. माझ्या चावीची जोडणी ठेवली, कारण ती सीट पुढे आणते आणि मागच्या माणसाला त्याचा त्रास नाही. सीट मेमरीबद्दल मार्चमध्ये माझे मत फार वाईट झाले होते, ते मी मागे घेते. मोटर आणि मेमरी अचूक आहेत. पण सीट मागे नेण्याआधी कोणती चावी ओळखली ते पडद्यावर दाखवून विचारायला हवे, आणि मॅन्युअलमध्ये दोन चाव्यांबद्दल जी एकच ओळ आहे तिथे मागे बसलेल्या माणसाचा स्पष्ट उल्लेख हवा, असे मी कंपनीला लेखी कळवले आहे.

उंचीत फरक असलेल्या जोडप्याने ट्रायलला जाताना शोरूममधून दोन्ही चाव्या मागून घ्याव्यात, दोन्ही जोडून बघाव्यात आणि मग दोघांनी एकाच दारापाशी उभे राहून हँडलला हात लावावा. पाच मिनिटांचे काम आहे.

तपासणीचे म्हणून माझ्याकडून हजार रुपये आणि १८ टक्के जीएसटी असे १,१८० रुपये घेतले आहेत. दोष सापडला नाही असे त्यांच्याच जॉब कार्डावर लिहिलेले असताना आणि गाडी वॉरंटीत असताना हे पैसे कशाचे, असे विचारणारे दोन मेल पाठवले आहेत. तिसरा सोमवारी पाठवणार आहे, वहीच्या पानांचे फोटो जोडून.