गावी गेल्यावर नातेवाईकांकडे उतरायचं की वेगळी रूम घ्यायची?

खर्चात घरी उतरणं स्वस्तच, त्यात वादच नाही. झोपेचं मात्र अवघड होतं, लहान मुलं नवीन जागी आधीच चिडचिडी, त्यात रात्री अकराला कोणीतरी भेटायला येतं आणि दिवा परत लागतो, रूमवर ही कटकट नाही. जुने मित्रही तिथे निवांत बसतात. पण आजी सकाळी उठल्या उठल्या नातीचे केस विंचरत गप्पा मारते ना, ते रूमवरून जाऊन नाही मिळत, आणि माझ्या मते हे फार मोठं आहे.

दोन-तीन दिवसच असतील, घरात म्हातारी माणसं असतील तर घरीच उतरा. आठवडाभर राहायचंय, तान्हं बाळ आहे किंवा मित्रांना भरपूर वेळ द्यायचाय तर रूम घ्या, फक्त आधी फोन करून सांगा, नाहीतर माणसं दुखावतात.