एपेक्स बीट शिकायला परळची बॅच: मोजणी पक्की, पेशंट कमी

एमबीबीएसच्या प्रॅक्टिकलआधी एपेक्स बीट (छातीवर हाताला लागणारा हृदयाचा ठोका) शिकवणारी परळमधली ही छोटी बॅच जरूर लावा. सर आधी ट्रकिया (श्वासनलिका) मधोमध आहे का ते बघायला लावतात, मगच छातीला हात. आधी अख्खा तळवा, मग बोटाचं टोक. सर्वांत खाली आणि बाहेर जिथे ठोका स्पष्ट लागतो, तिथलं बोट न हलवता दुसऱ्या हाताने स्टर्नल अँगलपासून (छातीच्या मधल्या हाडावरचा आडवा उंचवटा) मोजायचं: तिथे दुसरी बरगडी, तिच्याखाली दुसरी स्पेस (दोन बरगड्यांमधली जागा). नॉर्मल ठोका पाचव्या स्पेसमध्ये, मिडक्लॅव्हिक्युलर रेषेच्या (कॉलरबोनच्या मध्यातून सरळ खाली जाणारी रेषा) किंचित आत. कॉलरबोनपासून मोजलं की हमखास चुकतं. ठोका लागत नसेल तर डाव्या कुशीवर वळवतात. तेव्हा तो बाहेर सरकतो, म्हणून जागा लिहायची नाही, फक्त स्वरूप. हे इतकं नीट क्वचितच कुणी सांगतं! हीव्हिंग (बोट उचलणारा जोरदार ठोका) आणि टॅपिंग (टकटक लागणारा ठोका) मात्र निव्वळ मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर), तेवढ्याने हात बसत नाही.