गिट स्टेटसचं पोर्सिलेन व्ही२: काही महिने वापरल्यावर

गेले काही महिने आमची रिलीजची स्क्रिप्ट आणि माझा शेल प्रॉम्प्ट (टर्मिनलमधली कमांड टाकायची ओळ), दोन्ही गिट स्टेटसच्या पोर्सिलेन व्ही२ आउटपुटवर चालतायत. गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन; त्याची स्टेटस ही कमांड काय काय बदललंय ते सांगते, आणि पोर्सिलेन व्ही२ हे त्या उत्तराचं स्क्रिप्टांनी वाचायचं रूप. टीममधले लॅपटॉप आणि बिल्ड सर्व्हर यांच्यावर गिटच्या आवृत्त्या वेगवेगळ्या आहेत, तरी पार्सरला (हे आउटपुट वाचणाऱ्या कोडला) एकदाही हात लावावा लागला नाही. पाचपैकी चार देतो. एक का कापला ते पुढे येईलच.

साधं गिट स्टेटस माणसांनी वाचायचं असतं आणि ते बदलत राहतं. २०१३ मध्ये, १.८.५ पासून, ओळींच्या सुरुवातीचं हॅश (#) चिन्ह गेलं. २०१६ मध्ये ‘वर्किंग डिरेक्टरी क्लीन’चं ‘वर्किंग ट्री क्लीन’ झालं, आणि ते वाक्य ग्रेप करून (मजकुरात शोधून) पुढे जाणाऱ्या स्क्रिप्टा स्वच्छ रेपोसमोरही (नोंदवायचा बदल नसलेल्या प्रोजेक्टसमोरही) अडून बसल्या. गिटवाल्यांना यात बोल लावता येत नाही. स्क्रिप्टांसाठी पोर्सिलेन हा पर्याय त्यांनी २०१० सालीच, १.७.० मध्ये दिला होता.

त्या पर्यायाचं पहिलं रूप, व्ही१, म्हणजे दोन अक्षरं आणि फाइलचा पाथ. त्यात नवीन माहिती कोंबायला जागाच नाही. म्हणून २.११ मध्ये व्ही१ला धक्का न लावता शेजारी व्ही२ मांडलं. नुसतं पोर्सिलेन लिहिलं तर आजही व्ही१च मिळतं. व्ही२मध्ये प्रत्येक ओळ कसली आहे ते पहिल्या चिन्हावरून कळतं: १ म्हणजे साधा बदल, २ म्हणजे रिनेम किंवा कॉपी, यू म्हणजे मर्ज कॉन्फ्लिक्ट (एकत्र करताना बदलांची टक्कर), प्रश्नचिन्ह म्हणजे अनट्रॅक्ड (गिट अजून नोंद ठेवत नसलेली फाइल). ब्रँचची (कामाच्या शाखेची) माहिती हॅशनं सुरू होणाऱ्या हेडरांत, म्हणजे वरच्या माहितीच्या ओळींत, येते, आणि मॅन्युअल स्पष्ट सांगतं की अनोळखी हेडर दिसला तर सोडून द्या. मला सगळ्यात आवडलं ते हेच. पुढे स्टॅशची (बाजूला काढून ठेवलेल्या बदलांची) संख्या सांगणारा हेडर आला, तेव्हा हा नियम पाळणाऱ्यांना काहीच करावं लागलं नाही.

आता तक्रारी. मॅन्युअल म्हणतं, युजरच्या कॉन्फिगनं (सेटिंगनं) फॉरमॅट बदलणार नाही. खरंय, पण मजकूर बदलतो! कोणी अनट्रॅक्ड फाइली दाखवू नका असं कॉन्फिगमध्ये टाकलं असेल, तर त्या इथेही गायब होतात आणि स्क्रिप्ट रेपोला बेधडक स्वच्छ म्हणते. म्हणून अनट्रॅक्ड-फाइल्स हा पर्याय कमांडमध्येच लिहावा. कापलेला गुण याचा.

मराठी नावांच्या फाइली असतील तर झेड (-z) पर्याय हवाच. त्याविना, मूळ सेटिंगमध्ये, नावाच्या जागी \३४०\२४४ असे ऑक्टल (आठच्या पायावरचे) आकडे येतात. झेड दिलं की नाव जसंच्या तसं मिळतं, पण नोंदी नल बाइटनं (शून्य किमतीच्या बाइटनं) तुटतात आणि बॅशच्या व्हेरिएबलमध्ये नल राहत नाही, त्यामुळे बॅशच्या रीड कमांडला रिकामा डेलिमिटर (नोंदी तोडायचं चिन्ह) देऊन लूप चालवावा लागतो. शिवाय रिनेमची नोंद दोन तुकड्यांत येते. हे न सांभाळणारा पार्सर जुन्या नावालाच नवी नोंद समजतो.

प्रॉम्प्टसाठी नो-ऑप्शनल-लॉक्स लावा. स्टेटस जाता जाता इंडेक्स (गिटनं ठेवलेली फाइलींची यादी) ताजा करून लिहितं, त्यासाठी लॉक घेतं, आणि पाठीमागे चालू असलं तर तुमच्या कमिटच्या (बदल नोंदवण्याच्या) आडवं येऊ शकतं.

इतरांचे मार्ग वेगळे. एलएसनं (फाइलींची यादी देणाऱ्या कमांडनं) २०१६ मध्ये स्पेस असलेल्या नावांना अवतरणचिन्हं लावली, पण फक्त टर्मिनलवर. लोक चिडले, तरी पाइपमधून (एका कमांडचं आउटपुट दुसरीला देऊन) नाव वाचणाऱ्यांना जुनंच आउटपुट मिळत राहिलं. एपीटीचं (लिनक्सवर सॉफ्टवेअर बसवणाऱ्या कमांडचं) आउटपुट पाइपमध्ये घातलं की ते इशाराच देतं, हा इंटरफेस स्थिर नाही म्हणून. निदान तोंडावर सांगतं! इफकॉन्फिगनं (नेटवर्कची माहिती देणाऱ्या कमांडनं) मात्र ‘इनेट अ‍ॅड्र’ मधला ‘अ‍ॅड्र’ काढला तेव्हा आयपी शोधणाऱ्या कितीतरी जुन्या स्क्रिप्टा रिकाम्या हाती परतल्या.

रेपो स्वच्छ आहे का, एवढंच विचारायचं असेल तर व्ही१ पुरतं. आउटपुट रिकामं म्हणजे स्वच्छ. अपस्ट्रीमच्या (तुमची ब्रँच ज्या मूळ ब्रँचशी जोडलीय तिच्या) किती कमिट पुढे, किती मागे हेही हवं असेल, तर थेट व्ही२ घ्या.