पाकिटावर सहा नंबर, आत आठ

अडीचशे काडतुसांपैकी पहिली पंचवीस अस्सल निघाली आणि तिथेच मी अडकलो. तीही खोटी असती तर पहिल्याच दिवशी शंका आली असती, पैसे परत मागितले असते. पण विकणारा कच्चा गडी नव्हता.

पिकावर उतरणारी रानकबुतरं मारायला जिथे कायद्याने परवानगी आहे, तिथे आमची तीन-चार जणांची टोळी जाते. माझी बंदूक बारा बोअरची दुनळी, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) ७० मिलिमीटर, एका नळीला पाव चोक (छर्रे फार पसरू नयेत म्हणून नळीचं तोंड थोडं अरुंद केलेलं असतं, तो), दुसरीला अर्धा. कबुतराला काय लागतं हे मला माहीत नव्हतं असं अजिबात नाही. २८ ते ३२ ग्रॅम शिशाचे छर्रे, नंबर सहा किंवा सात (नंबर जेवढा मोठा, छर्रा तेवढा बारीक), आणि अंतर पस्तीस मीटरच्या आत. अर्धा किलोच्या आसपासचा पक्षी, त्याला तोफ लागत नाही. एवढं सगळं ठाऊक असून फसलो, म्हणून तर लिहितोय.

माणूस ओळखीच्या ओळखीतून आला. कारखान्याचा उरलेला माल आहे म्हणाला, ३२ ग्रॅम, सहा नंबर, जादा वेगाचा, खास कबुतरासाठी. किंमत नेहमीपेक्षा थोडीशीच कमी. फार कमी सांगितली असती तर मी तिथूनच वळलो असतो, हे त्याला माझ्याआधी कळलेलं होतं.

त्याचं बोलणं ऐकण्यासारखं होतं. आधी पिसांवर आला. "कबुतराची पिसं म्हणजे चिलखत, साहेब. साधा छर्रा घसरून जातो." हे मी शिकाऱ्यांच्या तोंडून शंभर वेळा ऐकलंय आणि शंभर वेळा मान डोलावलीय. खरं तर कबुतराची पिसं फार सैल बसलेली असतात. शेपटीला छर्रा नुसता चाटून गेला तरी मूठभर पिसं हवेत उडतात, पक्षी मात्र सरळ निघून जातो. बघणाऱ्याला वाटतं, बार अंगावर बसला पण आत शिरला नाही. बार मुळात मागे पडलेला असतो.

मग त्याने काडतुसाचं बूड दाखवलं. उंच पितळ, चांगलं दोन बोटं. "पितळ जेवढं उंच, तेवढी दारू जोरदार." कागदी पुंगळ्यांच्या काळात या बोलण्यात थोडाफार अर्थ असेल. आताच्या प्लॅस्टिकच्या पुंगळीत पितळाच्या उंचीवरून आतल्या दारूचं काहीच कळत नाही, आणि पुष्कळदा ते पितळही नसतं, पोलादावर दिलेला मुलामा असतो. शेवटी वेग. सेकंदाला साडेचारशे मीटर, म्हणाला. साध्या काडतुसाचा वेग चारशेच्या आसपास असतो. गोल छर्रा हवेत फार लवकर मंदावतो. नळीच्या तोंडाशी मिळालेला जादा वेग तीस-पस्तीस मीटर जाईपर्यंत बराचसा संपलेला असतो. धक्का मात्र पूर्ण आपल्या खांद्याला मिळतो.

यातलं एकही वाक्य मी त्याला तोडून दाखवलं नाही. कारण त्याने स्वतःच वरचं पाकीट फाडून माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "आधी मारून बघा, मग बोला." मी कागदावर चार बार काढले. सुरेख बसले. बाकीची शेतात वापरली, कबुतरं दगडासारखी खाली आली. मी उरलेली नऊ पाकिटं उचलली.

वरच्या पाकिटातली काडतुसं लाल होती, त्यांवर वजन, नंबर सगळं छापलेलं. खालच्या पाकिटांतली काळी आणि कोरी. हे मला दिसलं नाही असं नाही, मी विचारलंसुद्धा. "लॉट बदलला, छपाईचा खर्च वाचवलाय, माल तोच." पाकिटावर ३२ ग्रॅम, सहा नंबर असं चिकटवलेलं होतंच. मी हो म्हणालो. या एका 'हो'वर मी अजून चरफडतो.

पुढचे तीन दिवस विचित्र गेले. वीस मीटरच्या आतली कबुतरं व्यवस्थित पडायची. त्यापलीकडचा पक्षी दचकायचा, पिसं सांडायची, पंख सावरून तो पुढे जायचा. एक तर पार झाडीपर्यंत गेला आणि तिथे कोसळल्याचा आवाज आला. आम्ही तासभर शोधलं, सापडला नाही. पैसे गेले त्याचं दुःख नंतर झालं, हे आधी झालं. जखमी पक्षी मागे सोडून घरी जाणं ही कुणालाच सांगाविशी वाटणारी गोष्ट नाही.

अशा वेळी माणूस दोष स्वतःला देतो. दस्ता खांद्याला नीट बसत नाहीये, नळी थांबतेय, डोळा उघडा राहतोय. पाव चोकची नळी सोडून फक्त अर्ध्या चोकने मारून पाहिलं. आमच्यातले सगळ्यात जुने नेमबाज, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, ते लपणात माझ्या शेजारी बसून बघत होते. "पुढे धर, अजून पुढे," एवढंच म्हणायचे. काडतुसाकडे त्यांनीही पाहिलं नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी आमिषाची कबुतरं मांडून झाली होती. दोन पक्षी वळून खाली आले, मी उठलो, चाप ओढला आणि धडाम् होण्याऐवजी फुस्स झालं. फटाका भिजल्यावर होतं तसं. खांद्याला धक्का जवळजवळ नाहीच. दुसरा पक्षी अजून समोर होता आणि माझं बोट दुसऱ्या बाराकडे वळलं. दादांनी नळी हातात धरून वर केली. इतकी घट्ट की माझा खांदा वळला. "थांब. उघड."

थोडा वेळ नळी आभाळाकडे धरून मग बंदूक बिजागरीतून उघडली. फुटलेली पुंगळी बाहेर काढली, पण तिच्या जागी नळीतून उजेड दिसेना. मधोमध प्लॅस्टिकचा वॉड, म्हणजे दारू आणि छर्ऱ्यांच्या मधला बोळा, अडकला होता आणि नळीच्या तोंडातून छर्रे गवतावर ओघळत होते, मुठीतून मोहरी सांडावी तसे. काडतुसात दारू नावापुरती होती. छर्रे आणि वॉड पुढे ढकलायला ती पुरली नाही. दुसरा बार दुसऱ्या नळीचा होता, म्हणून कदाचित तेव्हा काही झालंही नसतं. पण पक्ष्यांची गर्दी असताना आवाजाकडे लक्ष न देता मी त्याच नळीत नवीन काडतूस भरलं असतं, तर अडकलेल्या वॉडमागे दाब साचून नळी फुटली असती. माझा डावा हात बरोबर तिथेच असतो.

त्या दिवशी पुढे एकही बार काढला नाही.

दुसऱ्या दिवशी दादांनी मोठा कागद लावायला लावला. अंतर ३६.६ मीटर, म्हणजे ४० यार्ड. बार काढल्यावर जिथे छर्रे सगळ्यात दाट बसलेत, तिथे ७६ सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ काढायचं आणि आतली भोकं मोजायची. चोकची पारख करायची ही जुनी रीत. अर्ध्या चोकने साधारण ६० टक्के छर्रे त्या वर्तुळात यावेत, पूर्ण चोकने ७० टक्के. मी पेन्सिलीने खुणा करत मोजली. २२६. मला आनंदच झाला! म्हटलं, इतका दाट बार, काडतूस उत्तम आहे, दोष माझाच.

दादा कागदाच्या मागच्या कोपऱ्यात हिशोब करत होते. इंग्रजी सहा नंबरचे एका औंसात, म्हणजे २८.३५ ग्रॅममध्ये, २७० छर्रे येतात. ३२ ग्रॅममध्ये झाले ३०५. त्याचे ६० टक्के १८३. "२२६ म्हणजे ७४ टक्के. तुझ्या अर्ध्या चोकमधून?" मग त्यांनी एका भोकात काडी घालून बघितली, आणि पहिल्यांदा काळं काडतूस हातात घेऊन उलटसुलट फिरवलं.

तोंडाच्या घड्या बघ, म्हणाले. काडतुसाचं तोंड घड्या घालून बंद केलेलं असतं, सहा किंवा आठ. एका कारखान्याच्या एका पाकिटात त्या सारख्याच असतात. माझ्या एकाच पाकिटात सोळा सहा घड्यांची आणि नऊ आठ घड्यांची निघाली. घड्यांच्या शेजारी आधीच्या घड्यांचे पांढुरके वळ होते, इस्त्री बिघडलेल्या पँटला दोन क्रीझ दिसतात तसे. बुडाच्या कडेला बंदुकीच्या एक्स्ट्रॅक्टरचे, म्हणजे पुंगळी बाहेर ओढणाऱ्या भागाचे, ओरखडे. आणि उन्हात तिरपं धरलं तेव्हा काळ्या प्लॅस्टिकवर पुसून काढलेल्या छपाईची सावली दिसली. नऊ पाकिटं कोऱ्या मालाची नव्हती. मातीच्या कबुतरांवर, म्हणजे हवेत फेकलेल्या ताटल्यांवर, सराव करतात त्या मैदानावरच्या रिकाम्या पुंगळ्या गोळा करून कुणीतरी घरात बसून पुन्हा भरल्या होत्या.

आम्ही सहा काडतुसं परवानाधारक बंदूक-कारागिराकडे नेऊन कापून घेतली. हे घरी करायला बसू नका, बुडातली टोपी जिवंत असते. त्याने छर्रे तराजूत ओतले. २३.६ ग्रॅम. दुसऱ्यात २४.२. तिसऱ्यात २२.९. बत्तीस कुठेच नाही. पहिल्यातले मोजले तर ३७९ भरले. व्हर्नियरमध्ये एकेक छर्रा २.२ मिलिमीटर. इंग्रजी सहा नंबर २.६ चा असतो. हा आठ नंबर, मातीची ताटली फोडायचा. ताटलीला नुसता तडा गेला तरी गुण मिळतो, तिथे असंख्य बारीक छर्रे उपयोगी. पण सहा नंबरचा एक छर्रा साधारण ०.१०५ ग्रॅमचा, आणि आठ नंबरचा ०.०६३. जवळ असेतोवर चालून जातं. लांब गेल्यावर हलका छर्रा आधी दमतो आणि कातडीखाली थांबतो. कागदावरची दाट भोकं आणि उडून जाणारे पक्षी, दोन्हींचा उलगडा त्या छोट्या ढिगात होता. दारूचं माप तर प्रत्येकात वेगळं.

विकणाऱ्याला फोन केला. तो गडबडलाही नाही. "साहेब, प्रत्येक देशाचा नंबर वेगळा असतो. तुम्ही इंग्रजी तक्ता बघताय." अर्धसत्य हे असं असतं. नंबर खरंच वेगळे असतात. अमेरिकेचा सहा नंबर जवळपास २.८ मिलिमीटरचा, म्हणजे इंग्रजी पाचाएवढा. मी म्हटलं, तो मोठा असतो, लहान नाही. मी पाहिलेल्या एकाही तक्त्यात सहा नंबर २.२ चा नाही. तर म्हणाला, उघडलेलं पाकीट परत घेत नाही. आणि वजन? "तराजू तपासून घ्या." त्यानंतर नंबर बंद.

तेव्हापासून दुकानात मी नंबर विचारत नाही, मिलिमीटर विचारतो. ज्याला आपला माल माहीत असतो तो लगेच सांगतो. जो पितळाची उंची सांगायला लागतो, त्याला नमस्कार. पाकिटावर काडतुसाची लांबी, छर्ऱ्यांचं वजन, चाचणीची खूण आणि तेच सगळं पुंगळीवरही छापलेलं असलं तरच हात लावतो. लांबीबद्दल एक, कारण यात नवखे हमखास गोंधळतात: ७० मिलिमीटर ही फुटून उघडलेल्या पुंगळीची लांबी असते, भरलेलं काडतूस त्याहून बरंच आखूड दिसतं. त्यामुळे ७६ चं काडतूस ७० च्या चेंबरमध्ये आरामात जातं, आणि फुटल्यावर त्याचं तोंड उघडायला जागा नसते. नमुना घ्यायचा तर मी खोक्याच्या मधलं, स्वतः बोट ठेवलेलं पाकीट घेतो. विकणाऱ्याने फाडून दिलेलं नाही.

जिथे शिशावर बंदी आहे तिथे पोलादी छर्रे घ्यावे लागतात, तिथे फसवायला आणखी वाव. पोलाद शिशापेक्षा हलकं, म्हणून दोन नंबर मोठा छर्रा घ्यायचा, शिशाच्या सहाच्या जागी पोलादाचा चार. तिथे लोहचुंबक लावून खात्री करणारे लोक मी पाहिलेत. चुंबक बुडाला चिकटतो तो तिथल्या पोलादामुळे. लावायचाच तर पुंगळीच्या वरच्या अंगाला, छर्रे असतात तिथे लावावा.

उरलेली १३२ काडतुसं कारागिराने नष्ट करायला ठेवून घेतली. तक्रार लेखी दिली आहे, पुसलेल्या छपाईच्या फोटोंसह. ज्याच्या ओळखीने तो माणूस आला होता, त्याच्याकडे त्याच मालाची दोन पाकिटं अजून आहेत. त्याला सगळं सांगितलं, कागदही दाखवला. एक तरी काडतूस कापून घे म्हटलं. तो म्हणाला, "चांगलं निघालं तर? उगाच एक वाया जायचं."